शिळ्यापाक्यावरची बुरशी आणि पेनिसिलीन



ह्या वर्षीच्या स्मरणिकेसाठी पाककृती नको, काहीतरी माहितीपर लिहा, असे अध्यक्षाबाईंनी बजावले. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. माहितीपर म्हणजे काय लिहावयाचे, हा प्रश्नच पडला. परंतु गेल्या पावसाळ्यात मंडळात धिंगरी अळंबीचे प्रात्यक्षिक झाले, त्या वेळी एक विषय निघाला होता. तोच आज तुमच्यापुढे मांडते.

आपल्यापैकी एकीने विचारले होते की, घरात रोज एवढे खरकटे, सालपटे, शिळेपाके निघते, त्याचे खत करून त्यावर औषधी अळंबी लावता येईल का? शिकवणाऱ्या बाईंनी सांगितले की, धिंगरीला भाताचा पेंढा नाहीतर गव्हाचे काड हवे, आणि चीन-जपानकडची जी नावाजलेली औषधी अळंबी, लिंगझी, तिला लाकूड किंवा लाकडाचा भुसा हवा. स्वयंपाकघरातले ओले पिशवीत गेले की आधी हिरवी बुरशी येते आणि सगळी पिशवी टाकून द्यावी लागते. हिरवी बुरशी म्हणजे अळंबीचा वैरी.

लिंगझीविषयी एक गोष्ट सांगून टाकते, कारण तिची पूड विकणारे हल्ली दारोदार येतात आणि कॅन्सरपासून मधुमेहापर्यंत सर्व बरे होते म्हणून सांगतात. चीनच्या जुन्या वैद्यकग्रंथांत तिला फार मान आहे, हे खरे. परंतु कॅन्सरवर तिचे जे प्रयोग झाले ते सगळे एकत्र करून तपासले तेव्हा, २०१६ साली, निष्कर्ष असा निघाला की मूळ उपचाराच्या ऐवजी ती द्यावी असा पुरावा नाही. भाजी म्हणून अळंबी खुशाल खावी, औषध सोडून पूड खाऊ नये, असे माझे मत आहे.

तर मग बुरशीच्या कुळातून माणसाला खरे औषध मिळाले ते कोणते? अळंबी हीसुद्धा बुरशीच. फक्त तिची छत्री डोळ्यांना दिसते. आणि गंमत पाहा, खरे औषध मिळाले ते त्या बदनाम हिरव्या-निळ्या बुरशीपासून. लिंबू टोपलीत राहिले की त्यावर जी पांढरी कड असलेली हिरवी बुरशी धरते, तिच्याच गोतातली ही. तिचे घराणे पेनिसिलियम, म्हणून औषध पेनिसिलीन. आणि ते औषध मुबलक झाले तेही टाकाऊ अन्नावर वाढवूनच. माझी लेक विज्ञान शिकते. तिच्या पुस्तकांतून आणि वाचनालयातून आणलेल्या दोन पुस्तकांतून ही हकिकत मी गोळा केली आहे.

सुरुवात सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगते. लंडनच्या सेंट मेरीज इस्पितळात अलेक्झांडर फ्लेमिंग नावाचे डॉक्टर होते. १९२८ च्या सप्टेंबरात ते सुटीवरून परतले तेव्हा रोगजंतू वाढवलेल्या एका काचेच्या ताटलीत बुरशी पडलेली होती आणि तिच्या भोवतालचे जंतू विरघळून गेले होते. आपण असतो तर ताटली घासून ठेवली असती. त्यांनी ती जपून ठेवली, तपासली आणि १९२९ साली त्यावर लेख लिहिला.

शाळेच्या पुस्तकात गोष्ट इथेच संपते. पण खरे पाहता इथे काहीच संपलेले नव्हते. बुरशी सापडली होती, औषध सापडले नव्हते. ती बुरशी जो रस सोडते त्यात औषधाचा अंश इतका थोडा, आणि तो इतका नाजूक, की शुद्ध करू जावे तो नाहीसा होई. पुढची दहा-अकरा वर्षे लेख कपाटात राहिला आणि माणसे खरचटल्याच्या जखमा पिकून मरत राहिली. बाळंतिणीही मरत राहिल्या.

१९३९ साली ऑक्सफर्डला हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि नॉर्मन हीटली ह्या तिघांनी काम पुन्हा हाती घेतले. ह्यातले हीटली मला सर्वांत जवळचे वाटतात, कारण त्यांची करणी एखाद्या काटकसरी गृहिणीसारखी आहे. महायुद्धाचे दिवस, पैसा नाही, भांडी नाहीत. बुरशी वाढते ती पातळ रसाच्या वर, सायीसारखी. म्हणजे पसरट, उथळ भांडे हवे, खोल नको. त्यांनी बिस्किटांचे डबे वापरून पाहिले, ताटल्या पाहिल्या, आणि शेवटी सर्वांत सोयीचे ठरले ते इस्पितळातले बेडपॅन! (हसू नका, पसरट, झाकलेले आणि एका बाजूने ओतता येणारे असे दुसरे भांडे सांगा पाहू.) पुढे त्याच घडणीवर त्यांनी कुंभारकामाच्या कारखान्यातून चिनी मातीची शेकडो भांडी करवून घेतली. रस गाळून औषध वेगळे काढण्याचे यंत्रही त्यांनी दुधाचे कॅन, न्हाणीचा टब, दाराची घंटा आणि ग्रंथालयाने टाकून दिलेले पुस्तकांचे कपाट जोडून उभे केले.

त्या भांड्यांवर काम करावयास सहा तरुण मुली नेमल्या होत्या. त्यांना ‘पेनिसिलीन गर्ल्स’ म्हणत. टोपी, झगा, तोंडाला फडके बांधून त्या रंगाच्या पिचकारीने भांड्याभांड्यात बुरशीचे बीज उडवीत, काही दिवसांनी सायीखालचा रस ओढून घेत आणि पुन्हा नवा रस भरीत. इतिहासात त्यांना ओळ-दोन ओळींहून जास्त जागा मिळालेली नाही. आपल्यापैकी जिने उन्हाळ्यात शंभर पापड लाटून, वाळवून, मोजून डब्यात भरले आहेत तिला कळेल की शोध लावणे एक आणि रोज न चुकता तेच काम स्वच्छतेने करणे एक.

२५ मे १९४० रोजी आठ उंदरांना जीवघेण्या जंतूंची टोचणी दिली आणि त्यांतल्या चौघांना पेनिसिलीन दिले. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत औषध न दिलेले चारही मेले, औषध दिलेले जगले. औषध आहे, हे सिद्ध झाले.

पण उंदीर तो केवढा आणि माणूस केवढा! एका माणसाच्या रक्तदोषाला पुरेल एवढे औषध काढावयाचे तर बुरशीचा दोन हजार लिटर रस लागे. १२ फेब्रुवारी १९४१ रोजी ऑक्सफर्डच्या अल्बर्ट अलेक्झांडर ह्या ४३ वर्षांच्या शिपायाला पहिली सुई दिली. चेहऱ्याच्या जखमेतून विष सर्वांगात भिनले होते, एक डोळा काढावा लागला होता. चोवीस तासांत ताप उतरू लागला, तो जेवू लागला. परंतु पाच दिवसांत जवळचे सर्व औषध संपले. त्याच्या लघवीतून बाहेर पडलेले औषधही गोळा करून, शुद्ध करून पुन्हा दिले, तरी पुरले नाही. १५ मार्चला तो गेला. औषध लागू पडले आणि कमी पडल्यामुळे माणूस गेला. वाचताना मला ह्या ठिकाणी पुस्तक मिटून ठेवावे लागले.

इंग्लंडात बॉम्ब पडत होते, तिथे मोठा कारखाना शक्य नव्हता. म्हणून १९४१ च्या उन्हाळ्यात फ्लोरी आणि हीटली अमेरिकेला गेले. प्रवासात बुरशीच्या बाटल्या चोरीस जातील किंवा बिघडतील, ह्या धास्तीने बुरशीचे बीज त्यांनी आपल्या कोटांना चोळून ठेवले होते. इलिनॉय प्रांतात पिओरिया नावाचे गाव आहे. भोवताली मक्याची शेते. तिथे सरकारी शेतकी प्रयोगशाळा होती आणि तिचे एक कामच असे की, शेतमालातले जे जास्तीचे अथवा टाकाऊ असेल त्याचा काही उपयोग शोधावयाचा. जुलैच्या मध्यावर हीटली तिथे पोचले.

आता जे सांगते ते नीट ऐका, कारण ते आपल्याच घरातले आहे. आपण कुरडया करताना गहू तीन दिवस भिजत घालतो. रोज पाणी बदलतो. मग वाटून, चीक काढून, वरचे पिवळट आंबट पाणी ओतून देतो. अमेरिकेत मक्याचे सत्त्व, म्हणजे कॉर्नफ्लोअर, काढतात तेही असेच. कोमट पाण्यात मका दीड-दोन दिवस भिजवतात. उरलेले पाणी कारखान्यांना नकोसे होते. ते आटवून दाट केले की काकवीसारखे दिसते. पिओरियाच्या प्रयोगशाळेने ते पाणी कशाकशात घालून पाहिले नव्हते! उपयोग शोधावयाचाच होता ना. अँड्र्यू मोयर ह्या शास्त्रज्ञांनी ते बुरशीच्या रसात घातले आणि पेनिसिलीन दहापट निघू लागले.

दहापट! ज्या भांड्यातून एक जीव वाचावयाचा, त्यातून दहा.

कारण असे की, दाणा भिजताना त्यातली प्रथिने, जीवनसत्त्वे, क्षार पाण्यात उतरतात आणि ते आंबल्यावर बुरशीला आयते पचलेले अन्न मिळते. त्याच पाण्यातल्या एका द्रव्यामुळे बुरशी निराळ्या प्रकारचे पेनिसिलीन करू लागली, आणि पुढे तोच प्रकार जगभर चालला. मोयरांनी साखरही बदलली. नेहमीच्या साखरेऐवजी दुधातली साखर घातली. ही साखर मिळते दूध नासवून चीज केल्यावर उरणाऱ्या निवळीतून, जी आपण पनीर केल्यावर मोरीत ओततो. बुरशी ही साखर सावकाश खाते, आणि हळूहळू खाणारी बुरशी औषध जास्त देते. म्हणजे भिजवणीचे पाणी आणि पनीरची निवळ, दोन्ही मोरीत जाणाऱ्या वस्तू, आणि त्यांच्यावर हे औषध उभे राहिले.

(जाता जाता एक सांगते. मोयरांनी ह्या कामाचा निबंध छापला तेव्हा बरोबर राबलेल्या हीटलींचे नाव त्यावर घातले नाही. पुढे १९४५ चे नोबेल पारितोषिक फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन ह्यांना मिळाले, तेथेही हीटली नाहीत. १९९० साली ऑक्सफर्डने त्यांना सन्मानाची पदवी दिली तेव्हा ते एकोणऐंशी वर्षांचे होते. मला हे बरे वाटले नाही, एवढेच म्हणते.)

अन्न मिळाले, आता बियाणेही चांगले हवे होते. फ्लेमिंगची बुरशी पातळ रसावर वाढे, पण मोठ्या टाकीत बुडवली की तिचा जोर नसे. देशोदेशीची माती पिओरियाला मागवून तपासली जात होती. आणि १९४३ साली हवी ती बुरशी मिळाली ती गावच्याच बाजारात, एका नासक्या खरबुजावर. मेरी हंट नावाच्या प्रयोगशाळेतल्या बाई बाजारातून नासकी फळे वेचून आणीत. त्यांना लोक थट्टेने ‘बुरशीवाली मेरी’ म्हणत. कोणी म्हणतात ते खरबूज त्यांनी आणले, कोणी म्हणतात गावातल्या एका गृहिणीने आणून दिले. दोन्हीकडे बाईच आहे, तेव्हा आपण भांडावयाचे कारण नाही. बुरशी खरवडून घेतल्यावर उरलेले खरबूज मंडळींनी कापून खाल्ले, असेही सांगतात! त्या बुरशीवर क्ष-किरण आणि अतिनील किरण सोडून तिच्यातून आणखी जोमदार वाण निवडले गेले.

टाक्यांचे तंत्रही एका ओळखीच्या वस्तूवरूनच आले. आपण ढोकळ्यात घालतो ते लिंबूफूल. अमेरिकेतली फायझर कंपनी ते साखरेवर काळी बुरशी वाढवून करीत असे, त्यामुळे बुरशी टाकीत वाढवण्याची तिला सवय होती. ब्रुकलीनमधला एक बर्फाचा जुना कारखाना घेऊन तिने चौदा टाक्या बसवल्या, एकेक साडेसात हजार गॅलनची. आत निर्जंतुक हवा सोडावयाची, सारखे ढवळावयाचे, उष्णता सांभाळावयाची. १ मार्च १९४४ रोजी काम सुरू झाले. ह्या खोल टाक्यांच्या कारखान्याची आखणी करणाऱ्यांत मार्गारेट हचिन्सन ह्या बाई प्रमुख होत्या. रसायन-अभियांत्रिकीतली मोठी पदवी त्यांनी १९३७ साली मिळवली होती.

आकडे पाहा. अमेरिकेत १९४३ साली पेनिसिलीन निघाले २,१०० कोटी युनिट. १९४४ साली १,६६,३०० कोटी. १९४५ साली ६,८०,००० कोटींच्या वर. आधी ते सैन्याला गेले, आणि १९४५ च्या मार्चपासून अमेरिकेत साध्या दुकानांतून मिळू लागले.

बायकांच्या दृष्टीने मात्र मला एक वेगळी तारीख महत्त्वाची वाटते, १४ मार्च १९४२. न्यू हेवन गावच्या इस्पितळात अ‍ॅन मिलर नावाची तेहतीस वर्षांची बाई महिनाभर पडून होती. गर्भपात होऊन जंतू रक्तात शिरले होते, ताप १०६ अंशांपर्यंत जाई. सल्फाची औषधे झाली, रक्त देऊन झाले, घरच्यांनी आशा सोडली होती. त्या दिवशी तिला पेनिसिलीन दिले. अमेरिकेत त्या वेळी होते त्याच्या निम्मे औषध तिला लागले. एका रात्रीत ताप उतरला. ती १९९९ साली, नव्वदाव्या वर्षी वारली. तिच्या तापाचा तक्ता वॉशिंग्टनच्या संग्रहालयात जपून ठेवला आहे.

आता घरातले सांगते. माझ्या आजीची थोरली बहीण १९४४ साली पहिल्या बाळंतपणात गेली. मूल सुखरूप झाले, चौथ्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला, बोलण्यात भ्रम झाला, नवव्या दिवशी सर्व आटोपले. आजी तेव्हा नऊ वर्षांची. खोलीचे दार लोटलेले, आतून ओव्याची धुरी, आणि मोठी माणसे हळू बोलत आहेत, एवढे तिला आठवे. बाहेरची बाधा झाली, असे घरात ठरले. हात न धुता केलेल्या बाळंतपणाने असा ताप येतो, हे व्हिएन्नाच्या सेमेलवाइस डॉक्टरांनी १८४७ सालीच दाखवले होते. ते आमच्या गावापर्यंत पोचले नव्हते.

१९५८ साली माझ्या आईच्या जन्मानंतर आजीलाही तसाच ताप आला. तीच हुडहुडी, चौथाच दिवस. पणजीने देव पाण्यात घातले. पणजोबांनी मात्र बैलगाडी जोडली आणि तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेले. तिथे पेनिसिलीनच्या सुया दिल्या. आजी सांगत असे, “बहिणीच्या वेळी बाधा झाली नि माझ्या वेळी सुई मिळाली, तेवढाच फरक.” ती पुढे छप्पन्न वर्षे जगली आणि माझी दोन्ही बाळंतपणे तिने उभी राहून केली.

त्या चौदा वर्षांत देश स्वतंत्र झाला होता आणि औषधही आपल्या दारी आले होते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ ह्यांच्या साहाय्याने १९५४ साली पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि १९५५ पासून तिथे पेनिसिलीन निघू लागले. त्याआधी ते परदेशातून येई आणि महाग पडे. पिंपरीचे पेनिसिलीन त्या काळी देशभर जात असे. पुढे त्या कारखान्याला वाईट दिवस आले, ती हकिकत निराळी आहे.

हे वाचून कोणी शिळ्या भाकरीची बुरशी जखमेला लावू नये, म्हणून दोन शब्द. बुरशी दिसावयास सारखी, पण तिच्यात औषधही असते आणि जहरही. १९७४ साली राजस्थान-गुजरातच्या हद्दीवरच्या आदिवासी गावांत ओला राहिलेला, बुरशी धरलेला मका खाऊन शंभरावर माणसे यकृत बिघडून मेली. मका तोच, बुरशी निराळी. शेंगदाण्यावरही ती धरते, म्हणून कुबट, काळपट दाणे कूटात घालू नयेत, चाळून फेकावेत. पेनिसिलीन काहींना सोसतही नाही. अंगावर पित्त उठते, श्वास अडतो, म्हणून ते डॉक्टरांना आधी सांगावे. आणि फ्लेमिंगनी नोबेल घेताना १९४५ सालीच बजावले होते की, औषध अपुरे घेतले तर जंतू मरत नाहीत, उलट निर्ढावतात. तेव्हा ताप उतरला म्हणून उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी डब्यात ठेवण्याची आपली जी सवय आहे, ती मोडावी. पाच दिवसांच्या सांगितल्या तर पाचही दिवस घ्याव्यात.

टाकाऊ अन्नावरच्या बुरशीची देणगी एवढ्यावर थांबली नाही. जपानचे अकिरा एंडो ह्यांना १९७३ साली तांदळावरच्या निळसर-हिरव्या बुरशीत रक्तातले कोलेस्टेरॉल उतरवणारे द्रव्य मिळाले. आपल्यापैकी कित्येकींचे यजमान रात्री जी गोळी घेतात, तिच्या घराण्याची सुरुवात ती.

आणि मुलांचा कान दुखला की डॉक्टर जे औषध लिहून देतात, घरी उकळून गार केलेल्या पाण्यात कालवावयाचे, ते अमॉक्सिसिलीनही मूळचे पेनिसिलीनच. बुरशीने केलेले पेनिसिलीन घ्यावयाचे, त्याचा गाभा तसाच ठेवून बाजूचा तुकडा बदलावयाचा, की हे नवे औषध होते. कारखान्यांत वाढवतात त्या बुरशीचे बहुतेक वाण पिओरियाच्या त्या नासक्या खरबुजाच्या वंशातले आहेत, आणि त्यांच्या टाक्यांत अजूनही साखरेबरोबर मका भिजवलेले पाणी घालतात.